गच्चीवरचं विमान आणि चुकांची वही

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. वर्धा नदीच्या काठावर, तिवसा तालुक्यातलं आमचं गाव. इथून श्रीकृष्णानं रुक्मिणीला रथात घालून नेलं, ही कथा गावातलं शेंबडं पोरगंही सांगतं. सांगताना म्हातारी माणसं हात असा वर नेतात, की रथ जमिनीवरून गेला की आभाळातून, हे ऐकणाऱ्याला कळूच नये. पण तो रथ बनवला कोणी, त्याचा आक कोणत्या लाकडाचा होता, आधीचा एखादा रथ मोडला होता का, हे कोणी सांगत नाही. रथात बसणारा सगळ्यांच्या ध्यानात राहतो. रथ बनवणारा सुतार कथेत येतच नाही.

मी शेतकरी माणूस, दहावीपर्यंत शिकलेला. मला मात्र बनवणाऱ्याची गोष्ट आवडते. म्हणून मुंबईतल्या एका वैमानिकानं आपल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बनवलं, ही बातमी 2016 साली पेपरात आली, तेव्हापासून मी त्या विषयाचं जे हाती लागेल ते वाचत आलो. त्यातून धातूच्या विमानाची आणि त्यात झालेल्या चुकांची एक मोठी गोष्ट समोर आली. ती आपल्या शेतापर्यंत येऊन पोचते, म्हणून लिहितो.

त्या वैमानिकाचं नाव अमोल यादव. मूळ सातारा जिल्ह्यातले, राहायला मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला. विमान चालवायचं शिक्षण त्यांनी अमेरिकेत घेतलं, पुढे इथे कंपनीत वैमानिक झाले. पण विमान चालवून त्यांचं समाधान होईना, बनवायचं होतं. पहिला प्रयत्न 1998 च्या सुमाराचा. तो तडीस गेला नाही. मग दुसरा. तोही नाही. तिसरं विमान त्यांनी पाच मजली इमारतीच्या गच्चीवर घेतलं. वर लिफ्टनं सामान नेण्याची सोय नव्हती. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं यंत्र, इतकंच काय इंजिनसुद्धा अरुंद जिन्यानं माणसांनी वर चढवलं. उन्हाळ्यात गच्ची तव्यासारखी तापायची, आणि पावसाळ्यात मुंबईचा पाऊस. हाताखाली माणसं कोण, तर गॅरेजमधला मेकॅनिक आणि पत्र्याचं काम जाणणारा फॅब्रिकेटर. विमानाच्या कारखान्यात काम केलेले इंजिनियर त्यात नव्हते. पैसा घरचा आणि भावंडांचा. असं करत सहा माणसं बसतील एवढं धातूचं विमान उभं राहिलं. नाव टीएसी-003.

2016 च्या फेब्रुवारीत मुंबईत ‘मेक इन इंडिया’चं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते विमान सुटं करून क्रेननं गच्चीवरून खाली उतरवलं आणि तिथे ठेवलं. लोकांनी गर्दी केली. पण उडायची परवानगी ही वेगळी गोष्ट. नोंदणीसाठी त्यांचे कागद 2011 पासून फिरत होते, मध्येच नियम बदलले आणि एकट्या माणसानं बनवलेल्या विमानाला वाटच उरली नाही. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी लक्ष घातलं, तेव्हा 2017 च्या नोव्हेंबरमध्ये नोंदणी झाली. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये उडवण्याचा परवाना मिळाला, आणि 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवर ते विमान चाचणीसाठी हवेत गेलं. पहिल्या प्रयत्नापासून धरलं तर बावीस वर्षं. आपल्याकडे संत्र्याची बाग लावली, वाढवली, म्हातारी करून तोडली आणि तिथे दुसरी लावली, एवढा तो काळ आहे.

आता कोणी म्हणेल, दोन फसले तर तिसऱ्याच्या नादी लागायचं कशाला? याचं उत्तर विमानाच्या इतिहासातच आहे. सगळं विमानशास्त्रच फसलेल्या कामातून वर आलेलं आहे. फरक एवढाच, की त्यातल्या शहाण्या माणसांनी काय फसलं ते लिहून ठेवलं.

अमेरिकेतले राइट बंधू घ्या. दोघे भाऊ सायकल दुरुस्त करणारे आणि बनवणारे. शाळेचा शेवटचा दाखला दोघांपैकी एकाकडेही नव्हता. 1901 साली त्यांनी बिनइंजिनाचं ग्लायडर बनवलं, पण पंखाला जेवढा उचल मिळायला पाहिजे होता त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच मिळाला. दुसरा असता तर नशिबाला दोष देऊन मोकळा झाला असता. या दोघांनी विचार केला, की आपण ज्या कोष्टकांवरून हिशोब केला ती कोष्टकंच चुकीची असतील तर? मग त्यांनी सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी बनवली, तिच्यात पंख्यानं वारा सोडला आणि पत्र्याचे छोटे छोटे सुमारे दोनशे पंख त्यात धरून पाहिले. प्रत्येकाचं माप वहीत उतरवलं. त्या वहीतून 17 डिसेंबर 1903 चं उड्डाण निघालं.

आणि आपल्याकडे? मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवलं, असं आपण अभिमानानं सांगतो. तळपदे होते, विद्वान होते, त्यांना विमानाचा ध्यास होता, यात शंका नाही. पण त्या दिवशी काय उडालं, किती उंच गेलं, खाली येताना काय मोडलं, याची त्या काळची भरवशाची नोंद नाही. नंतर ‘वैमानिक शास्त्र’ म्हणून जो ग्रंथ पुढे आला, तो 1918 ते 1923 या काळात सांगून लिहून घेतलेला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी 1974 साली तो तपासला आणि त्यातलं एकही विमान उडू शकणार नाही, असं लिहिलं. माझं तळपद्यांशी भांडण नाही. वाईट याचं वाटतं, की त्या माणसानं खरंच काही बनवलं असेल, तर त्यातला एक खिळासुद्धा पुढच्या माणसाच्या कामी आला नाही. त्यांच्या चुका लिहिलेल्या असत्या, तर पुढच्या पोरानं तिथून सुरुवात केली असती.

पहिली विमानं लाकडाची आणि कापडाची. लाकूड हलकं, सुताराला ओळखीचं. पण लाकडाचा दोष आपल्याला बंडीवरून माहीत आहे. पाणी लागलं की फुगतं, ऊन लागलं की आटतं, सांधा ढिला होतो. 31 मार्च 1931 ला अमेरिकेत कॅन्सस राज्यात फोकर जातीचं एक प्रवासी विमान पडलं, आठही माणसं गेली. त्यात नूट रॉकने नावाचा फुटबॉलचा फार मोठा प्रशिक्षक होता, म्हणून देशभर गलका झाला. तपासात आलं, की लाकडी पंखाच्या आत ओल शिरून सरसाचा जोड सुटला होता. वरून पंख चांगला दिसत होता. त्यानंतर लाकडी पंखाची प्रवासी विमानं मागे पडली आणि धातूची पुढे आली.

धातूचं विमान त्याच्या आधीच झालेलं होतं. जर्मनीत युंकर्स यांनी 1915 साली पोलादी पत्र्याचं विमान केलं. ते उडालं, पण इतकं जड, की लोकांनी त्याला ‘पत्र्याचं गाढव’ असं नाव ठेवलं. पुढे अॅल्युमिनियममध्ये थोडं तांबं वगैरे मिसळून ड्युरॅल्युमिन नावाचा हलका आणि कडक धातू वापरात आला, तेव्हा गाढवाचा घोडा झाला. आपल्या देशात हे काम करणारे मोठे माणूस कोल्हापूरकडचे, डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत शिकून आले आणि बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-2 हे धातूचं विमान रेखलं. 1951 च्या ऑगस्टमध्ये ते उडालं. आपल्या हवाई दलाचे कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. शाळेत आम्हाला राइट बंधू शिकवले, घाटगे कोणी शिकवले नाहीत.

कारखान्याबाहेर, घरच्या शेडमध्ये धातूचं विमान बनवायची चाल अमेरिकेत 1960 नंतर जोरात आली. आज तिथे हजारो लोक घरी विमान बनवतात. कोणी डॉक्टर, कोणी शेतकरी, कोणी पेन्शनर. त्या कामात माणसं कुठे चुकतात हे वाचलं, तेव्हा ते सगळं मला ओळखीचं वाटलं. आपल्या लोहारकामातल्या, पत्र्याच्या शेडमधल्या, मोटारपंपाच्या पेटीतल्याच त्या चुका आहेत. त्या एकेक सांगतो.

पहिली चूक भोकाची. धातूच्या विमानात पत्रा पत्र्याला रिबिटानं जोडतात. आपल्या लोखंडी कढईच्या कानाला रिबीट असते, तीच. एका छोट्या विमानात अशा दहा हजारांवर रिबिटा लागतात, आणि तेवढी भोकं. नियम असा, की भोकाचा मध्य पत्र्याच्या काठापासून रिबिटाच्या जाडीच्या निदान दुप्पट आत पाहिजे. अष्टमांश इंच जाडीची रिबीट असेल, तर काठ पाव इंच तरी लांब. त्याहून जवळ भोक पाडलं तर पत्रा काठाकडून फाटतो, जसं चामड्याच्या पट्ट्याचं शेवटचं भोक फाटतं. दुसरं म्हणजे भोकाच्या काठाला ड्रिलनं जी कूस राहते, ती काढून गुळगुळीत करावी लागते. नवशिका म्हणतो, एवढ्याशा कुसेनं काय होते? तिथूनच तडा सुरू होतो.

दुसरी चूक ठोकण्याची. रिबीट ठोकली की मागचं डोकं तिच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच व्हायला पाहिजे. कमी ठोकली तर ढिली, जास्त ठोकली तर पत्रा दबतो. आणि वाकडी बसलेली रिबीट काढायला गेलं की भोक मोठं होतं. म्हणून जाणते सांगतात, की एखादी रिबीट जराशी वाकडी बसली तर आधी नियमाचं पुस्तक पाहा, ती चालण्यासारखी असेल तर हात लावू नका. पुष्कळ वेळा चुकीपेक्षा चुकीची दुरुस्ती जास्त नुकसान करते. जनावरावर गावठी इलाज करणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

तिसरी चूक वाकवण्याची. ताराचा तुकडा घेऊन एकाच जागी पाच-दहा वेळा वाकवा, तुटतो. कडक अॅल्युमिनियमचा पत्रा तर चौकोनी धारेवर एकदाच वाकवला तरी तडकतो. त्याला गोलाई देऊन वाकवावं लागतं. पत्रा कारखान्यात लाटताना ज्या दिशेनं ओढला, तिला लाकडासारखी रेघ असते. त्या रेघेला आडवं वाकवलं तर बरं, तिच्या बाजूनं वाकवलं तर तडा लवकर जातो. सुताराला हे लाकडातून माहीत असते, पत्र्यात त्याला कोणी सांगितलेलं नसते.

चौथी चूक ऐकून हसू येईल. पत्र्यावर खूण करायला शिसपेन्सिल वापरायची नाही. शिसपेन्सिलीतला काळा भाग आणि अॅल्युमिनियम एकत्र आले आणि वरून ओल लागली, की ती रेघच पत्र्याला खायला लागते. म्हणून स्केचपेननं खूण करतात. हाच प्रकार दोन वेगळे धातू जोडताना होतो. शेतातल्या मोटारीला अॅल्युमिनियमच्या तारीला तांब्याची तार पिळून जोडली की तो जोड पांढरा पडतो, तापतो आणि एक दिवस जळतो. सगळ्यांच्या पेटीत हे झालेलं आहे. विमानात तिथे मध्ये रंगाचा किंवा दुसऱ्या कशाचा थर देतात.

पाचवी चूक वजनाची. बंडीत माल मागे जास्त भरला तर बंडी उलार होते, जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला जोत्याचा फास बसतो. पुढे जास्त भरला तर खांद्यावर ओझं येतं. विमानाचंही तसंच, फक्त तिथे बैल नाही. मागून जड झालेलं विमान नाक वर करतं आणि वैमानिकाला खाली आणता येत नाही. घरी बनवणारा थोडा रंग जास्त देतो, गादी चांगली बसवतो, मागे एक पेटी लावतो. प्रत्येक वेळी म्हणतो, किलोभरच तर आहे. म्हणून उडवण्याआधी विमान तीन चाकांखाली तीन काटे ठेवून तोलतात आणि आकडा लिहून ठेवतात.

या झाल्या हाताच्या चुका. पण मोठ्या कारखान्यांनीही त्याच केल्या, हे वाचून मला धीरही आला आणि भीतीही वाटली. इंग्लंडचं कॉमेट हे जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. 10 जानेवारी 1954 ला इटलीजवळ एक कॉमेट हवेतच फुटलं, 35 माणसं गेली. विमानं थांबवली, काही दुरुस्त्या केल्या, पुन्हा सुरू केली. 8 एप्रिलला दुसरं फुटलं, 21 माणसं गेली. मग इंग्रजांनी एक अख्खं कॉमेट पाण्याच्या मोठ्या टाकीत ठेवलं आणि आतून पाण्याचा दाब देत, सोडत राहिले. विमान वर गेलं की आतल्या हवेनं फुगतं, खाली आलं की बसतं, त्याची ती नक्कल. आधीची उड्डाणं धरून सुमारे 3000 वेळा झालं आणि खिडकीच्या कोपऱ्याजवळून पत्रा फाटला. तारेसारखंच झालं, वाकून वाकून थकला. कोपऱ्यांपाशी जोर एकवटत होता, आणि काही रिबिटांची भोकं ड्रिलनं न पाडता ठोकून पाडलेली होती. तो अहवाल इंग्लंडनं लपवला नाही. सगळ्या जगाच्या विमान कारखान्यांनी तो वाचला. आज आपण खिडकीजवळ बसलो की गोल कोपऱ्याची खिडकी दिसते, तिच्यामागे ही शिकवण आहे.

अगदी अलीकडची गोष्ट. अमेरिकेत ओरेगन राज्यात व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी घरी विमान बनवणाऱ्यांना पत्र्याचे तयार भाग देते. त्यांची 11 हजारांवर विमानं उडालेली आहेत. मागणी वाढली म्हणून काही भागांची भोकं त्यांनी लेझरनं पाडून घेतली. घरी बनवणाऱ्यांनी त्या भोकांना रिबिटाच्या डोक्यासाठी खळगा पाडला, तर काही ठिकाणी काठाला बारीक तडे दिसले. ते तडे लोकांनी आपापल्या शेडमध्ये, विमान जमिनीवर असतानाच पाहिले आणि बोभाटा केला. कंपनीनं तपासणी केली, भाग बदलून द्यायचं कबूल केलं. त्या खर्चानं आणि बाकीच्या अडचणींनी 2023 च्या डिसेंबरमध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कोर्टात जावं लागलं, नंतर ती पुन्हा उभी राहिली. पैसा गेला, नाव गेलं, पण तडा दिसल्यावर बोलणारी माणसं होती.

न बोलण्याचं काय होतं, तेही पाहा. 28 एप्रिल 1988 ला हवाई बेटांवर एका बोइंग विमानाचं छप्पर 24 हजार फुटांवर उडून गेलं. विमान 19 वर्षांचं, जवळपास 90 हजार उड्डाणं झालेलं, समुद्राच्या खाऱ्या हवेत फिरणारं. रिबिटांच्या ओळीत बारीक तडे होते, ते एकमेकांना मिळाले. वैमानिकांनी तशातही विमान उतरवलं, पण एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली ती गेलीच. तपासात एक गोष्ट निघाली. विमानात चढताना एका प्रवाशाला दाराजवळ पत्र्याला तडा दिसला होता. तिनं कोणाला सांगितलं नाही.

आमच्या गावात एक म्हातारे लोहारबुवा होते. भात्यासमोर बसलेल्या आम्हा पोरांना ते म्हणत, “बाबू, लोखंड तुटाच्या आंधी सांगते. पन आयकाले कोनी पाह्यजे.” ते फाळ हातात घेऊन हातोडीनं टिचकी मारत, आवाज ऐकत, आणि सांगत की हा या पेरणीत तुटणार. तडा सापडला तर त्याच्या टोकाला बारीक भोक पाडत, म्हणजे तडा तिथे अडतो. विमानातही तडा पुढे जाऊ नये म्हणून हेच करतात, हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. लोहारबुवांना ते कोणी शिकवलं, त्यांनी किती फाळ मोडून ते काढलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते गेले, भाता गेला. आता फाळ तुटला की कुऱ्ह्याला किंवा आर्वीला जाऊन नवा आणायचा.

हे नुसतं जुन्या कारागिरीचं दुःख असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण यात जीव जातात. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकड्यांनी दवाखान्यात पडली. पेपरात रोज नावं येत होती. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेलेली, आत शिरलं की हवा नाही, उकाडा, एका औषधात दुसरं मिसळलेलं, जोरदार फवारा मारणारे नवे पंप, तोंडाला कापड नाही. सरकारनं चौकशी पथक नेमलं, अहवाल झाला. पण तो अहवाल कोणत्या बांधावर पोचला? फवारणीला जाणाऱ्या मजुराला कोणी बसवून सांगितलं का, की अमुक माणूस कसा गेला, सकाळी काय केलं, दुपारी कोणतं औषध मिसळलं, चक्कर कधी आली? आपल्याकडे माणूस गेला की म्हणतात, त्याची वेळ भरली. थ्रेशरात हात गेला की म्हणतात, नशीब. पट्ट्यावर जाळी नव्हती, हे सगळ्यांना दिसलेलं असतं. पुढच्या सुगीला तोच थ्रेशर, तोच उघडा पट्टा, दुसऱ्याच्या खळ्यात उभा असतो.

विमानवाल्यांनी यावर एक सोपी तोड काढली. जगभरच्या देशांनी मिळून नियम केला, की अपघाताची चौकशी दोषी माणूस धरण्यासाठी करायची नाही, पुन्हा तसं होऊ नये म्हणून करायची. शिक्षेचं काम कोर्टाचं, ते वेगळं. आपल्या देशातही या चौकशीसाठी 2012 पासून वेगळा ब्युरो आहे. का, तर दोष लागेल या भीतीनं माणूस बोलत नाही, आणि बोलला नाही तर पुढचा मरतो. शिवाय प्रत्येक विमानाची एक वही असते. कोणत्या दिवशी किती तास उडालं, कोणता भाग बदलला, कोणी बदलला, सही. विमान विकलं तर वही विमानाबरोबर जाते. आपण बैल विकतो तेव्हा त्याची खोड सांगत नाही, हीच हुशारी समजतो.

घरी विमान बनवणारे तर वहीच्या बाबतीत आणखी कडक. सुरू केल्यापासून ते रोजचं काम लिहितात, फोटो काढून ठेवतात, बिघडलेला भागही फेकत नाहीत, भिंतीला टांगतात. पुढच्या माणसाला दाखवायला. एवढं लिहिलेलं असतं, म्हणूनच बारावी नापास माणूसही ते वाचून विमान बनवू शकतो.

2025 च्या एप्रिलमध्ये अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईला प्रवासी विमान सुरू झालं. वऱ्हाडातल्या लोकांना त्याचा आनंद झाला, मलाही झाला. आता त्या विमानाकडे पाहताना मला रिबिटांच्या ओळी आठवतात. प्रत्येक ओळीमागे कोणाची तरी चूक आहे आणि ती चूक लिहून ठेवणारा कोणीतरी आहे. तसली वही आपल्या गावात ठेवायला पैसा लागत नाही. ग्रामपंचायतीत शंभर पानांची एक वही ठेवावी. या हंगामात कोणत्या यंत्रात कोणाला इजा झाली, कशानं झाली, कोणत्या औषधानं कोणाला चक्कर आली, कोणत्या विहिरीचं कठडं खचलं, कोणता स्टार्टर ओल्या हातानं धरला. नाव लिहू नका, लाज वाटत असेल तर. पण कसं झालं ते लिहा, आणि पेरणीच्या आधी, फवारणीच्या आधी, मळणीच्या आधी चावडीवर ते मोठ्यानं वाचा. शाळेतलं पोरगं वाचेल, बापाला ऐकावं लागेल.

अमोल यादवांची पहिली दोन विमानं कोणाला आठवत नाहीत, तिसरं सगळ्यांना आठवतं. मला विचाराल तर पोरांना दाखवायला पहिली दोन जास्त उपयोगाची आहेत. तिसऱ्यात काय जमलं ते दिसतं. काय जमत नाही, ते पहिल्या दोनांनी सांगितलेलं असतं.